पेरूतली सुई

खालापूरच्या बस थांब्यावर एक तरुण पेरूला सुया टोचत बसला होता.

"पेरूला काय झालंय?" मला राहवेना.

"अर्धशिशी." चेहरा गंभीर. "यातली एक सुई खोटी आहे. टोक आत सरकतं, टोचत नाही. ओळखा?"

मी क्षणात ओळखली. अब्बांच्या अॅक्युपंक्चरच्या दवाखान्यातच वाढले होते मी.

दुसऱ्या दिवशी मी कर्जतच्या उपचार केंद्रात कामावर रुजू झाले, तिथं तो पुन्हा दिसला... अब्रार. स्वमग्न मुलांना या सुयांचा खरंच उपयोग होतो का, याची तिथं चाचणी होती. निम्म्या मुलांना खऱ्या सुया, निम्म्यांना खोट्या. कुणाला कुठल्या, हे टोचणाऱ्या अब्रारलाच ठाऊक. मुलांच्या वागण्याच्या नोंदी माझ्याकडे. मला सुया ओळखता येतात म्हटल्यावर आमच्या दोघांच्या मधे जाड पडदा आला, आणि नियमही — तीन महिने एकमेकांशी मुलांविषयी एक शब्द बोलायचा नाही.

अब्बांना जाऊन सात महिने झाले होते. सुयांनी ही मुलं बोलती होतात, असं ते शेवटपर्यंत म्हणत. मला ते तपासायचं होतं. खरं तर, खरं ठरवायचं होतं.

"चहा चालेल, फिझा? चहावर बंदी नाही."

"चहात साखर खरी आहे ना?"

तो हसायचा... आणि माझी नोंद अर्धीच राहायची.

दहाव्या आठवड्यात वाडीवरच्या सुनिताचा ओमकार, सहा वर्षांचा, पहिल्यांदा "आई" म्हणाला. खरीच सुई ना, अशा नजरेनं मी अब्रारकडे पाहिलं. नुसती मान हलली असती तरी पुरे होतं! त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस मी चहा घेतला नाही.

तीन महिने संपले, आणि कुणाला कुठली सुई याची बंद पाकिटं उघडली. दोन्ही गटांतल्या मुलांत सारखाच फरक पडला होता. ओमकारला खोटी सुई होती.

म्हणून त्या दिवशी त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"पन आई म्हनला त्ये खरं हाय ना, ताई?" सुनितानं विचारलं.

"अगदी खरं, सुनिता."

ती गेल्यावर अब्रार हळूच म्हणाला, "अहवाल उद्या लिहू. आज तुम्ही—"

"आजच. लिहा, सुयांचा उपयोग दिसला नाही." मी अहवालाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "अब्बांनी चुकीचं टिपण कधी ठेवलं नाही."

त्यानं लिहिलं. मी शेजारी सही केली. मग त्यानं खिशातून एक पेरू काढून टेबलावर ठेवला.

"आता नियम संपला ना? मला... तुमच्याशी बोलायचंय. मुलांविषयी नाही."

मी पेरू निरखून पाहिला. सुई नव्हती.

"बोला," मी म्हटलं, आणि मधला पडदा काढून घडी घालायला घेतला. दुसरं टोक त्यानं धरलं.