शिवेबाहेर धाडलेला राखणदार

आमसुलं पोचवायला मी जामसंड्याला बहिणीकडे गेले होते. सारिका भरदुपारी टीव्हीसमोर पाय पसरून बसलेली. सिनेमा भीतीचा. तीन पोरं परदेशात फिरायला जातात, डोंगरातलं घर भाड्याने घेतात, आणि घराचा मालक त्यांना जाऊच देत नाही. बोलतो गोड. मग एकेक पोर कमी होतं.

"बंद कर गो ती घाण," मी म्हटलं. "माजा चेडू तसल्याच डोंगरात गेलाहा."

"तुज्या इशिताक कोण खाता? तीच कोणाक तरी खायत," सारिका हसली.

एवढ्यात फोन वाजला. इशिताचाच. पुण्यात नोकरी करते माझी एकुलती एक. दोन मैत्रिणींबरोबर जॉर्जियात गेलेली. तोंडावर हात धरल्यासारखी बोलत होती.

"आई... काल निघूचा होता. घराचो मालक म्हणता गाडी नाय. भायरसून कडी घातलेली आसा गो..."

फोन तुटला. परत लागेचना. सारिकाच्या नवऱ्याने पोलिसांपासून वकिलातीपर्यंत सगळीकडे फोन फिरवले. सगळे 'बघतो' म्हणाले. बघत बसणारी बाई मी नव्हे. तडक गावी आले.

आमच्या शिवेवर देवचाराचा धोंडा आहे. देवचार म्हणजे गावचा राखणदार. दिवेलागणीला काठी आपटत, विडी ओढत शीव फिरतो. दिसत नाही, ऐकू येतो. त्याला गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावातर्फे साकडं घालायचा मान बाबलीचा. मी बाबलीला धोंड्यापाशी नेलं, नारळ ठेवला आणि त्याला म्हटलं, "तेका माज्या चेडवाकडे धाड."

बाबली दोन पावलं मागे सरला. "खुळी काय तू? शिवेभायर तेका धाडूचो नसता. थंय तेचो अंमल नाय."

"मग तू गप ऱ्हव. माजा मी घालतंय."

घातलं. बा देवचारा, माज्या चेडवाक घराक आणून पोचय. 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं माणूस लागतं. बाबलीने तोंड उघडलं नाही. तेही मीच म्हटलं.

त्या संध्याकाळी शिवेवर काठी वाजली नाही. गावातली कुत्री घराघरांत शिरून चुलीमागे बसली.

जेवणाच्या वेळेला फोन आला. इशिता हुंदके देत होती. "कडी आपसूक निघाली गो. काळोखात कोणतरी पुढसून काठी आपटत चलत होतो... विडीचो वास येय होतो. तेच्या मागसून पळालंव. आमच्या मागसून मालकाचे बूट वाजत होते, पण वळान बघलंव तर कोण नाय. आता शहरात पोचलंव."

तेव्हा कुठे मी ताटावर बसले.

ती आली त्या दिवशी दिवे लागत होते. रिक्षातून उतरली, गाल बसलेले, अंगाला ओल्या लोकरीचा वास. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर तांब्याभर पाणी घातलं. पाणंदीत काठी वाजली.

"इलो बघ," मी हात जोडले.

पण काठी शिवेकडे वळली नाही. आमच्याच अंगणात आली आणि आपटायला लागली. जोरात. शेतात शिरलेली गुरं हाकलावीत तशी. देवचार कोणाच्या घरात पाय ठेवत नाही. तो अंगणातच आपटत राहिला, तुळशीभोवतीची माती उडायला लागली.

"आई... तेका सांग ना. मी पोचलंय. तो अजून कित्याक..."

मी खाली बघितलं. इशिता ओल्या पायांनी पायरीवरच उभी होती. ओली पावलं मात्र तिच्या बाजूने पुढे गेलेली, ओटीवरून माजघरात. रुंद. बुटांची.

"कोण रे थंय?" मी ओरडले. "भायर ये मेल्या!"

आत काळोखात खुर्ची करकरली, जड माणूस टेकल्यावर करकरते तशी. नवरा गेल्यापासून त्या खुर्चीत आमच्यात कोणी बसत नाही.