मालनचा दुसरा हार

कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. मी तिथं पाच हातांवर उभी होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

साल १९८७. फेब्रुवारी महिना. नाशिक, गंगापूर रोड. तेव्हा तिकडं बंगले नव्हते, नुसते मळे.

आणि रात्र नव्हती. दुपारचे चार वाजले होते. लख्ख ऊन...

मालन माझी धाकटी बहीण. लग्न होऊन तिसरा दिवस. मी पाठराखीण म्हणून तिच्या सासरी राहिलेले.

लग्नाच्या व्हिडिओचं वेड तेव्हा नवीन होतं. शूटिंगवाला होता भिकन. ऐन हार घालताना त्याचा लाइट गेला आणि नेमका तोच शॉट हुकला. शिवाय कॅसेटमध्ये जोडीचं एक गाणं टाकायची तेव्हा पद्धत होती. नवरी झाडामागून डोकावणार, पदर दातात धरणार. दोघं लांबून हात पसरून धावत येणार. तोंडं जवळ आली, की कॅमेरा झटकन दोन फुलांवर. मग फुलंच एकमेकांना घासत बसायची.

मालनला या सगळ्याची किळस होती.

"ताई, फुलांनासुद्धा लाज आणतात गं ही माणसं."

पण सासूला, चिमणाबाईंना, भारी हौस. "सगळ्यांच्या सुना करतात. तुला काय काटे टोचतात?"

म्हणून आम्ही मालनच्या सासरकडच्या सहादूमामांच्या मळ्यात गेलो. मालन, मी आणि भिकन. नवरा नव्हता. खंडेरावांची रजा संपली होती, अंबडच्या कारखान्यात दुपारची पाळी होती. सकाळी समोरून आपले शॉट देऊन ते कामावर गेले. लग्नाचा कोट आणि फेटा तेवढा ठेवून गेले.

"काही अडत नाही," भिकन म्हणाला. "वहिनींचे शॉट आता घेतो, नंतर जोडतो. नवऱ्याचा फक्त खांदा लागतो. अर्धा खांदा, थोडं डोकं. बाकी सगळं धूसर."

असं म्हणत त्यानं कॅमेऱ्याच्या काचेवर बोटानं व्हॅसलिन फासलं. मालननं तोंड वाकडं केलं. "शेंबूड लावल्यासारखं दिसतंय."

"पण खांदा कोण देणार?" मी विचारलं.

भिकननं इकडंतिकडं पाहिलं.

द्राक्षबागेच्या कडेला ज्वारीचा तुकडा होता. त्यात बुजगावणं उभं होतं. आडव्या बांबूवर पसरलेले हात, पेंढ्याचं अंग, मडक्याचं डोकं. मडक्यावर चुन्याचे डोळे.

"उंचीला अगदी साहेबांएवढं!"

त्यानं बुजगावण्याचा कुजका सदरा ओरबाडून काढला आणि त्याच्या अंगात खंडेरावांचा कोट घातला. कॉलरला हळद लागलेली होती. हळद अजून उतरवलेली नव्हती. मडक्यावर फेटा बसवला.

"भाऊ, मी याला हार घालायचा?"

"पाठमोराच आहे की, वहिनी. चेहरा थोडाच दिसणार आहे?"

"मला तर दिसतोय ना!"

मी हसले. तिला सांभाळायला गेले होते मी, आणि हसले... ते हसू आजही घशाशी येतं.

मालननं हार घातला.

तिची बोटं त्याच्या मानेला लागली. पेंढा ओला होता, तिनंच मला नंतर सांगितलं. एवढ्या उन्हात... ओला.

"आता छातीवर डोकं टेकवा. डोळे मिटा. मी गोल फिरून घेतो."

तिनं डोकं टेकवलं. भिकन कॅमेरा घेऊन फिरू लागला.

तेवढ्यात विहिरीवरचं इंजिन बंद पडलं.

मग ज्वारीतल्या चिमण्या गप्प झाल्या. सगळ्या, एकदम.

मालनच्या कानाखाली, कोटाच्या आत... काहीतरी हललं. घोट गिळावा तसं.

आणि तिच्या मानेवर ऊबदार, ओली हवा आली. सडक्या द्राक्षांचा वास. न धुतलेल्या तोंडाचा वास.

ती किंचाळून मागं उडाली. पदरानं गाल पुसू लागली. गाल बुळबुळीत झाला होता.

"झकास!" भिकन ओरडला. "लाजून मागं सरकायचा शॉट एकदम खरा आला!"

सहादूमामा बांधावरून येत होते. बुजगावण्याकडं नजर जाताच ते जागीच थांबले. पुढं आले नाहीत.

"हे काय करून ठेवलं रे?"

"मामा, शॉट होता."

"हळदीचा कोट घातला त्याला? अन् हार बी?" त्यांचा आवाज खाली गेला. "हार कोणी घातला?"

मालननं माझ्याकडं पाहिलं.

"लय वाईट केलं, पोरी. लटकं व्हतं, हे आता त्याला कोण सांगणार?"

पंधरा दिवसांनी कॅसेट आली. रविवारची दुपार. भाड्यानं रंगीत टीव्ही आणला. सारी आळी घरात. भिकनही आला होता, कौतुक ऐकायला.

गाणं लागलं. बदामाच्या आकारात खंडेराव हसले. बायकांनी टाळ्या पिटल्या.

मग खांद्यावरून घेतलेली मालन. हातात हार.

हार वर आला... आणि फेटा खाली वाकला.

हार गळ्यात नीट पडावा म्हणून वाकतात ना, तसा.

"किती गुणाचा गं नवरा!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी भिकनकडं बघितलं. तो हसत नव्हता. तो बांबू त्यानं स्वतः हलवून पाहिला होता. जमिनीत घट्ट होता.

पुढचा शॉट. मालनचं डोकं छातीवर. बाह्या दोन्ही बाजूंना ताठ.

मग एक बाही कोपरात वाकली. हळूहळू...

पंजा मालनच्या पाठीवर आला. जाड नखं. नखांत काळी माती. तो हात प्रेमानं फिरत नव्हता. चाचपत होता. बाजारात कोंबडी चाचपतात तसा.

आणि लगेच पडद्यावर दोन फुलं. हारातलीच झेंडूची फुलं. ओली, चिकट, एकमेकांवर घासत... घासत...

"हा शॉट मी घेतलाच नाही," भिकन पुटपुटला.

खंडेराव माझ्याकडं झुकले. "ताई, मी तर पाळीवर होतो. हा कोण आहे?"

मालन उठली, मोरीत गेली आणि भडाभडा ओकली.

"इतक्या लवकर गोड बातमी?" बायकांनी चिडवलं.

कॅसेट आणि कोट आम्ही दुसऱ्याच दिवशी जाळले. भिकननं लग्नाची कामं सोडली.

पण मालनचा संसार नासला तो नासलाच. खंडेराव भला माणूस. तिनं त्यांना एकच अट घातली.

"माझ्याकडं पाठ करून उभे राहू नका."

ते बिचारे पाळायचे. दारातून आत येताना आधी हाक मारायचे, तोंड दाखवायचे. तरीही एकदा ती माझ्याकडं पळत आली.

"ताई, हे स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते. मी चिडले, अहो, वळा इकडं, म्हणाले. तर पुढच्या दारातून यांची हाक आली..."

"आणि आतला?"

"तो वळत होता."

१९८९ च्या पावसाळ्यात खंडेरावांना कावीळ झाली. अंग हळद लावल्यासारखं पिवळं. बारा दिवसांत गेले. मालन तेव्हा तेवीस वर्षांची होती.

बायका तिच्या बांगड्या फोडायला बसल्या. मला ती रीत कधीच आवडली नाही, पण तेव्हा कोण ऐकतं? चिमणाबाईंनी रडत रडत तिचा हात धरला.

मालननं तो सोडवून घेतला. शांतपणे. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती किळस होती, त्या दुपारसारखी.

"नका फोडू," ती म्हणाली. "एक आहे अजून."

बायकांना वाटलं, दुःखानं भ्रमिष्ट झाली.

मी तिच्या समोरच बसले होते. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं, दाराकडं बघत होती.

बाहेर पाऊस थांबला होता. घर कोरडं होतं...

आणि मला ओल्या पेंढ्याचा वास आला.

मी वळून पाहिलं नाही. पाठराखीण होते ना मी तिची? तरी पाहिलं नाही.

आज मालन साठीची आहे. हातात हिरव्या बांगड्या आहेत. लोक नावं ठेवतात. पिचल्या की ती गुपचूप नव्या भरते.

कुणासाठी, ते मी तिला अजून विचारलेलं नाही.