दव पुसायच्या आधी

"बाई, विसार देऊ नका."

आवाज आला तो जमिनीतून. पर्समध्ये गेलेला पुष्पांजलीचा हात तिथंच थांबला. तिनं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं... शेवटी शेजारच्या जीपखालून आधी दोन पाय निघाले, मग ऑइलनं माखलेला शर्ट आणि सगळ्यात शेवटी एक चेहरा. भुवईवर काळा डाग होता. डोळे मात्र असे निवांत की हा माणूस जीपखाली नव्हे, झोपाळ्यावर पडला असावा.

"काऊन? का नको?" ती म्हणाली.

ती घ्यायला निघाली होती त्या काळ्याभोर सेडानचं दार त्यानं उघडलं, ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढला... ओढतच गेला. शेवटचा वीतभर पट्टा बाहेर आला तेव्हा त्यावर वाळलेल्या गाळाचा पोपडा होता.

"पट्टा एवढा कोनी ओढत नाई, म्हणून कोनी धुतबी नाई. पुराच्या पान्यात बुडालेली गाडी हाय ही."

"गजेंद्र, तू तुहा पार्ट पाहाले आला न बे? मंग तेवढंच पाय न," विकणारा गुरकावला. पावतीपुस्तक मात्र त्यानं हळूच मिटलं.

पुष्पांजलीच्या तोंडचं पाणी पळालं. वडिलांचे चार लाख ती चक्क गाळात घालायला निघाली होती!

पंजाबराव, म्हणजे तिचे वडील, जळगाव जामोदजवळच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या गाडीचं मागचं दार त्यांनी अदबीनं उघडलं होतं. आता त्यांची एकच हौस उरली होती. "एकदा मले त्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचं हाय. डबीएवढी गाडी नोको, साहेबाची गाडी पायजे. आन चार लाखाच्या वर एक रुपया नाई." चार लाखांत नवी साहेबी गाडी स्वप्नातही येत नाही, म्हणून जुनी शोधायची. चालवणार पुष्पांजली, तेव्हा निवडणारही तीच. त्या शनिवारी ती एकटीच खामगावला आली होती आणि पहिल्याच चकाकणाऱ्या गाडीवर भाळली होती.

"तुमचे उपकार झाले," रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली.

"उपकार कायचे? माहंबी जुन्या गाड्याईचंच दुकान हाय, बायपासजवळ. या कधी. चहा पाजतो. गाडी घ्या नाईतर नोका घेऊ."

"दुसऱ्याचं गिऱ्हाईक तोडायची ही चांगली रीत काढली तुम्ही."

"तोडायचं असतं तर पहिले नाव नसतं विचारलं?"

"मग विचारा न..."

हे शब्द आपल्याच तोंडून गेले यावर तिचा विश्वास बसेना. कान तापले. तिनं घाईघाईनं नाव सांगून टाकलं.

"पुष्पांजली," त्यानं सावकाश म्हणून पाहिलं. "एका दमात होत नाई हो. मधात श्वास घ्या लागते."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिनं ते नाव मनातल्या मनात चारदा म्हटलं. श्वास मध्ये घ्यावा लागत नव्हता. पण तो अडकत मात्र होता...

मग शनिवार आले. जळगाव जामोदच्या कोर्टात ती लघुलेखक होती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद, आणि पुष्पांजली खामगावच्या बसमध्ये. दुकानदार आपला माल खपवतो असा जगाचा रिवाज. इथं उलटंच चाललं होतं. ती एखाद्या गाडीपाशी थांबली की गजेंद्र जवळ यायचा आणि त्या गाडीची खोटच सांगायचा.

"ही? मीटरवर चाळीस हजार किलोमीटर हाय. आता ब्रेकच्या पेडलचं रबर पाहा. चाळीस हजारात एवढं घासते काय? मीटर मांगं फिरवलं कोनीतरी. मी घेतली तेव्हा मलेबी नाई समजलं."

"मग ही निळी?"

"तिचा गिअर रुसते. वरातीत नवरदेवाचा मामा रुसते, तसा."

"तुम्हाला विकायची तरी आहे का एखादी?"

"विकायच्या हायत न. तुमाले नाई विकायच्या."

असं बोलून तो बॉनेटखाली डोकं घालायचा आणि ती चहाच्या कपात पाहत बसायची. तो चहा फार गोड करायचा. तिला गोड चहा आवडत नसे, आणि ही गोष्ट तिनं त्याला एकदाही सांगितली नाही.

दुकानाच्या पाठीमागे, लिंबाखाली, ताडपत्रीनं झाकलेली एक गाडी उभी असायची. एका शनिवारी वाऱ्यानं ताडपत्री उडाली आणि पुष्पांजली बघतच राहिली. मोतिया रंग, लांबरुंद मागची सीट... अगदी वडिलांच्या मनातली.

"ते नाई विकायची," गजेंद्र पटकन म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज तुटक झाला.

पुढच्या खेपेला मात्र तो स्वतःहून म्हणाला, "चार लाखात इमानदारीची गाडी माह्याजवळ तेवढीच एक हाय. इंजिन सरस, कागदं साफ, मालक एकच. तुमाले देतो."

"आणि मालक कोण?"

"हाय एक... येडा."

ती हसली. त्या वेळी हसायला नको होतं, पण ते तिला पुढं कळायचं होतं.

तिनं हसण्यावारी नेलं, कारण या माणसाबद्दल शंका घ्यावी असं तिला वाटतच नव्हतं. आणि शंका घेण्यात तर ती पक्की होती. दोन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा झाला होता. महिनाभरानं कोर्टात पोटगीच्या एका अर्जावरचा आदेश टाइप करताना तिची बोटं थबकली... बायकोला टाकून देणाऱ्या त्या नवऱ्याचं नाव, गाव, वडिलांचं नाव, सगळं तिच्या होणाऱ्या नवऱ्याचंच होतं. आदेश तिनं शेवटपर्यंत टाइप केला, एकही चूक न करता. घरी येऊन अंगठी वडिलांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "यापुढं मला कोणी दाखवू नका. जो माणूस स्वतःची खोट स्वतः सांगेल, त्याच्याकडे मी बघीन." असा माणूस कुठं मिळतो, म्हणून पंजाबरावही गप्प बसले. आणि आता हा सापडला होता, शनिवारी शनिवारी आपल्याच मालाची खोट सांगणारा. ती प्रेमात पडली होती. ते तिचं तिलाच ठाऊक होतं... निदान तिचा समज तसा होता.

"मोतिया गाडी पक्की करू?" तिनं वडिलांना विचारलं.

"मी येतो न सोबत. पहिल्या बसनं जाऊ," पंजाबराव म्हणाले. "बैल घ्यायचा तर सकाळी उठताना पाहावा पोरी. दिवसा सारेच चालतात. रातभर बसलेला बैल उठताना लंगडते का नाई, तवाच समजते."

"बाबा, गाडी आहे ती."

"गाडीबी थंडीत पहिल्या चावीले उठली पायजे. आन भाव मांडीन तो दुपट्ट्याखालीच."

गुरांच्या बाजारातली ही जुनी रीत. सौदा तोंडानं बोलायचा नाही. दोघांचे हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली, आणि भाव बोटं धरून सांगायचा. धरलं एक बोट की एक. पंजाबरावांच्या वडिलांची साऱ्या बाजारात त्यासाठी ख्याती होती.

डिसेंबरची ती सकाळ. खामगावात उतरले तेव्हा बोटं काकडली होती. गजेंद्रच्या दुकानाचं फाटक उघडं होतं, आतल्या खोलीत स्टोव्हचा आवाज येत होता. आज गिऱ्हाईक येणार म्हणून लिंबाखालच्या गाडीवरची ताडपत्री रात्रीच काढून ठेवलेली. रात्रभर दव पडून गाडी पांढुरकी झाली होती. पुष्पांजली कौतुकानं तिच्याभोवती फिरली, मागं आली...

आणि खिळल्यासारखी उभी राहिली.

मागच्या काचेवर सगळीकडे दव धरलं होतं. फक्त काही ठिकाणी नव्हतं. त्या कोरड्या जागांची अक्षरं झाली होती, ठसठशीत, वळणदार, वरातीच्या गाडीवर रेडियमची असतात तशी. *चि. गजेंद्र* आणि पुढं *चि. सौ. कां. अश्विनी*. मध्ये एक बदाम.

बोटं थबकली होती तो दिवस, तो अर्ज, ते नाव... पुन्हा? दुसऱ्यांदा? म्हणूनच ही गाडी ताडपत्रीखाली असायची. ती नेहमी दहाच्या बसनं यायची, आजही तोवर काच पुसून होईल असा याचा हिशेब असणार! मालक एकच, आणि तो येडा...

"पुष्पांजली, चहा—" खिडकीतून दोघांना पाहून गजेंद्र तीन कप घेऊन बाहेर आला. तिची नजर कुठं आहे ते त्यानं पाहिलं. कप त्यानं बॉनेटवर ठेवले. एक कलंडला, तिकडे कुणी पाहिलं नाही.

"अश्विनी कोण?" कोर्टात साक्ष उतरवताना असतो तसा तिचा आवाज आला, कोरडा.

तो लगेच बोलला नाही. खोटं बोलणारे चटकन उत्तर देतात, हे तिनं सहा वर्षं रोज पाहिलं होतं. तो थांबला, तरी तिची खात्री पटेना.

"माह्या लग्नासाठी घेतली होती ही गाडी," तो म्हणाला. "तीन वर्षं झाले. संग्रामपूरहून वरात निघाली, अर्ध्यात तिचा फोन आला. तिचं मन दुसरीकडे होतं. घरच्याईनं ऐकलं नाई म्हणे. म्हणाली, तुमी येऊ नका, माह्यात आता नाई म्हणायची हिंमत नाई, तुमीच म्हणा... मी गाडी वळवाले लावली. मायले घरी हे नाव दिसू नये म्हणून रस्त्यातच ब्लेडच्या पत्तीनं खरडून काढलं. अक्षरं निघाली. पन दव पडलं का पुन्हा येतात. किती पुसलं तरी..."

"लग्न झालं नाही?"

"नाई."

"सगळ्या गाड्यांच्या खोटी सांगितल्या मला. ही काऊन नाही सांगितली?"

"गाड्या विकाले ठेवल्या होत्या," तो खाली पाहत म्हणाला. "मी थोडाच ठेवलो होतो... आन सांगितलं असतं, तर तुमी यायचं बंद केलं असतं. त्याची भीती वाटली. चुकलंच माहं."

पुष्पांजलीचे डोळे भरून आले. राग होता, सुटकाही होती, आणि कोणतं जास्त ते तिला सांगता आलं नसतं. विश्वास ठेवावा? कशाच्या जोरावर? ती वडिलांकडे वळली. पंजाबराव शांतपणे उरलेल्या दोन कपांपैकी एकातून चहा पीत होते.

"खरं बोलून राह्यला तो," ते म्हणाले. "मले माहीत होतं."

"काय?"

"संग्रामपूरले हिंमतराव हाय न, माहा जुना विद्यार्थी? त्याले मी महिन्यापूर्वीच विचारलं. पोरीवर बट्टा येऊ नये म्हणून यानं साऱ्या गावात सांगितलं, का मलेच लग्न नाई करायचं. गावच्या शिव्या खाल्ल्या. तिचं लग्न झालं पुढं, सुखात हाय ती."

"तुम्ही... तुम्ही चौकशी केली? कशासाठी?"

"तू दर सुट्टीच्या शनिवारी गाडी पाहाले येत होती. मी मानूस पाहून राह्यलो होतो." त्यांनी कप ठेवला. "गाडी सकाळी पाहाले कोन येते पोरी एवढ्या थंडीत? मले याले पाहायचं होतं, झोपेतून उठल्यावर. आन हा स्वतःच्या तोंडानं सांगते का नाई, तेबी."

आपल्याला बैलासारखं जोखलं गेलं हे गजेंद्रला हळूहळू उमगत होतं.

तिनं त्याच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि काच पुसली, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"उद्या पुन्हा येईन ते नाव," तो पुटपुटला.

"मग येत जा रोज सकाळी पुसायला. जळगाव जामोद काही दूर नाही."

तिच्याकडे बघतच त्यानं दारातून हात घालून चावी फिरवली आणि गाडी पहिल्या चावीला उठली. पंजाबरावांनी समाधानानं मान हलवली, खांद्यावरचा पांढरा दुपट्टा काढला आणि मुलीच्या हातावर टाकला.

"भाव तूच कर. तोंड बंद."

दुपट्ट्याखाली दोन हात भेटले. तिचा बर्फासारखा गार, त्याचा ऊबदार. त्यानं तिची तीन बोटं धरली.

तीन? ती चमकली. चार ठरलेले असताना विकणारा खाली उतरतो? डाग पडलेल्या गाडीची किंमत तो स्वतःच कमी करत होता. तिनं त्याचा हात झटकला आणि त्याची चार बोटं घट्ट धरली. त्यानं पुन्हा तीन. तिनं पुन्हा चार, आणखी घट्ट. त्यानं मान हलवली. तिनं डोळे वटारले. हा डाग मला चालतो, पूर्ण किमतीला चालतो, हे तिला तोंडानं कधीच म्हणता आलं नसतं. बोटांनी ते तिसऱ्या खेपेला म्हटलं आणि त्याचे डोळे पाणावले. त्याची बोटं तिच्या मुठीत सैल झाली.

"ठरला काय भाव?" पंजाबरावांनी विचारलं.

"ठरला," दोघं एकदमच म्हणाले.

"मंग सोडा हात."

गजेंद्रनं हात मागं घ्यायला पाहिलं. तो सुटला नाही. दुपट्टा घसरला तरी पुष्पांजलीनं तो धरून ठेवला होता, भर उजेडात, वडिलांसमोर, आणि या धिटाईचा सर्वांत मोठा धक्का तिचा तिलाच बसला होता. तरीही तिनं सोडला नाही.

पंजाबरावांनी गाडीचं मागचं दार स्वतःसाठी उघडलं, आत बसले, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. दुपट्टा त्यांनी परत मागितला नाही.