नीट पडायचं कसं

तो माझ्या अंगावर आला नाही, एवढंच नशीब. टँकरवरून घागर भरून मी कारखान्याच्या आवारातून घरी चालले होते, आणि चाकांचे बूट आणि गुडघ्यांना टणक पॅड घातलेला एक उंच माणूस वळणावरून सुसाट आला. मला पाहिलं, आणि... चक्क पडला. आधी गुडघे टेकवले, मग कोपरं, मग तळहात, आणि घसरत माझ्या पायांपाशी येऊन थांबला. दचकून माझं अर्धं पाणी सांडलं.

"ताई, लागलं का वो?"

"मला? पडलात तुमी!"

"पडलो न्हाई. थांबलो." आणि हसला.

दुष्काळात सांडलेल्या पाण्यावर हसणारा माणूस! त्याचे डोळे तपकिरी आहेत हे दिसूनही मी नेटानं रागावून राहिले.

तो भारत. चौसाळ्याजवळच्या आमच्या सहकारी कारखान्यातल्या फिटरचा मुलगा, पुण्यात स्केटिंग शिकून आलेला. त्या वर्षी ऊसच नव्हता, गाळप बंद. उसाच्या गाड्यांचं सिमेंटचं आवार मोकळं पडलं होतं, तिथं तो अकरा पोरापोरींना शिकवायचा. दुसऱ्या दिवशी भरलेली घागर घेऊन तो आमच्या महिला शिवण सोसायटीच्या दारात हजर. 'ताई' म्हणणं मात्र त्यानं सोडलं होतं. माझ्या ते बरोबर ध्यानात आलं.

"हेल्मेटं हायती सगळ्यांना. गुडघ्याचे पॅड चारच जोड. शिवाल का, शिवकन्या?"

"वाकळा शिवतो आमी. पॅड काय अवघड?"

तीच घमेंड नडली. डोक्यावर घागर ठेवायला आम्ही कापडाची चुंबळ करतो, तसेच जाड, गुबगुबीत पॅड मी शिवले. जितकं मऊ तितकं चांगलं, एवढंच आमच्या हातांना ठाऊक. भारतनं दाबून पाहिले, काहीतरी बोलणार होता... माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि गप्प राहिला.

चौथ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या भिवरामावशींची नात मुक्ता माझे पॅड बांधून पडली. कापड खरबरीत सिमेंटला धरून बसलं, गुडघे जागच्या जागी अडकले आणि पोर पुढं फेकली गेली. मनगट मोडलं.

आवाराला कुलूप लागलं. सोमवारी कारखान्याच्या संचालकांपुढं भारतला बोलावणं होतं. वर्ग बंद झाला तर लातूरच्या शाळेतली नोकरी घेईन, असं तो मला तोंड फिरवून म्हणाला.

"जाल?"

"इथं ऱ्हाऊ कशाला? सांगा की..."

ज्या पोरीचा हात माझ्यामुळं मोडला, तिच्या गावात मी कोणत्या तोंडानं त्याला थांब म्हणू?

त्याच संध्याकाळी टँकरच्या रेटारेटीत एक प्लास्टिकची घागर फुटली. तिचा एक तुकडा सिमेंटच्या रस्त्यावरून सर्रकन घसरत लांब गेला. मी बघतच राहिले. भारत त्या दिवशी घसरला होता, अडकला नव्हता!

दोन दिवस मी फुटक्या घागरींचे फुगीर तुकडे कापले, कडा घासल्या, पॅडांवर शिवून पक्के बसवले. मग चाकांचे बूट चढवून सोसायटीपुढच्या रस्त्यावर भारतला म्हणाले, "मला पडायला शिकवा."

"गुडघे वाकवा. पुढं पडा, मागं न्हाई. हात धरू?"

"धरा."

"आता सोडू?"

"...एवढ्यात नको."

सोमवारी अध्यक्ष सुंदररावांनी आवारात उभं राहूनच विचारलं, "पोरीचा हात मोडला. जबाबदार कोण?"

"मी," भारत म्हणाला.

"न्हाई," मी म्हणाले. "पॅड मी शिवले. चूक माझी." आणि ओढणी खोचून, हेल्मेट आणि नवे पॅड घालून, चाकांवर सुटले. सगळ्यांसमोर गुडघ्यांवर पडले. घसरले... थांबले. साधं खरचटलंही नाही.

मग भिवरामावशी पुढं आल्या. "मी बी सभासद हाय कारखान्याची. हात बरा झाला की माझी नात परत येनार. काढा कुलूप!"

कुलूप निघालं. हेल्मेट आणि पॅड नसेल त्याला आत प्रवेश नाही, या अटीवर. मावशींच्या पाया पडताना मला रडू आवरेना. इतका राग धरायचा हक्क असलेल्या बाईनं मला माफ केलं होतं.

भारत माझ्या बुटांचे पट्टे सोडत होता.

"माझी चूक अंगावर घेत होता. कावून?" मी विचारलं.

"पॅड लई मऊ हायती, हे मला कळलं होतं. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई. त्यात पोरीचा हात मोडला."

"परत असं करू नका. वाईट वाटलं तरी सांगत जा."

"किती दिवस?"

माझा पाय त्याच्या हातात होता आणि मी तो काढून घेतला नव्हता.

"मग लातूरला काय कळवू?" त्यानं हळूच विचारलं.

"कळवा... घरचे सोडंनात म्हणून."

"घरचे म्हंजे?"

"मी."