रिकाम्या खोलीचा आलेख

डिसेंबरातल्या त्या शनिवारी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर सतरा खोल्यांमधले पलंग बाहेर काढून ठेवले होते. त्यांच्या जागी स्पीकर आले होते. माणसाच्या उंचीचे, चकचकीत लाकडाचे, काही पियानोसारखे काळेभोर. महागड्या स्पीकरचं असं प्रदर्शन शहरात पहिल्यांदाच भरत होतं आणि गर्दी लग्नघरासारखी होती.

गिरिधर पांढरीपांडे प्रत्येक खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच. मग मान तिरकी करून ती कशी विरते ते ऐकत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला चौऱ्याहत्तर वर्षांचा इंजिनिअर असं का करतो, हे न कळून लोक वळून बघत. त्यांची मुलगी नूपुर एक पाऊल मागे उभी असे. तिला त्या नजरांची सवय होती.

"हे पडदे हॉटेलचे नाहीत," ते पियूष नावाच्या विक्रेत्याला म्हणाले.

"नाही काका. हॉटेलचे फार पातळ होते. आम्ही मुंबईहून आणले."

"आणि गालिचा?"

"तोही."

"आणि ही तीस माणसं?"

"ती मात्र नागपूरचीच आहेत," पियूष हसून म्हणाला.

"माणसं आवाज पितात, बाबू. तीस माणसं म्हणजे तीस गाद्या उभ्या केल्यासारखं. इथे काहीही लाव, गोडच लागणार. पंगतीतला मसालेभात आहे हा. रोज घरी खाऊन दाखव म्हणावं."

आजूबाजूचे हसले. पियूषही हसला, कारण या म्हाताऱ्याशी वाद घालू नये असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत ज्याला चांगले स्पीकर घ्यायचे असत तो आधी गिरिधररावांना घरी नेई. ते खोलीत टाळी वाजवत, अर्धा तास गप्प बसत आणि मग कुठला स्पीकर घ्यायचा ते सांगत. दुकानात किंवा प्रदर्शनात ऐकून नाही. त्या घराच्या भिंतींत, त्या घरच्या माणसांत काय वाजेल, ते. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

पियूषने एक नृत्याची तबकडी लावली. नर्तकीची पावलं पुढून मागे गेली, थांबली, आणि शेवटी फक्त घुंगरांची एक बारीक थरथर उरली.

"घुंगरू ऐकले काका?"

गिरिधररावांनी नूपुरकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली.

"वा," ते म्हणाले. "सुंदर."

हे असं चार वर्षं चाललं होतं. वरचे, बारीक आवाज त्यांना ऐकू येत नव्हते. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग घुंगरू. ते नूपुरकडे बघत आणि ती मान हलवी. यावर दोघं कधी बोलले नव्हते. घरच्या स्पीकरच्या जोडीतल्या उजव्याचा ट्वीटर, म्हणजे हे बारीक आवाज काढणारा वरचा छोटा गोल भाग, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जळाला होता. नूपुरला ते त्याच संध्याकाळी कळलं. तिच्या वडिलांना कळलंच नाही. ते रोज त्या अर्ध्या मुक्या स्पीकरसमोर बसत आणि "घरचा तो घरचा" म्हणत. नूपुर खंडपीठात अनुवादक होती. दुसऱ्याचे शब्द इकडून तिकडे नेताना एक अक्षर गाळू नये, हा तिचा धंदा. हे एक वाक्य मात्र तिने दोन वर्षं गाळलं होतं.

परतताना गाडीत ते म्हणाले, "सतरा खोल्या फिरलो, पण आपल्या जोडीसारखं काही नाही. काटोलच्या चंपतरावला सांगतो, डोळे मिटून हीच घे."

आता सांगायला हवं, असं नूपुरला वाटलं. चंपतराव संत्र्याचे व्यापारी, वडिलांचे जुने दोस्त. त्यांचे कान शाबूत होते. ते ऐकायला घरी आले की सगळं उघडं पडणार होतं. तिने तोंड उघडलं. अजनीचा सिग्नल सुटला, मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न धरला, आणि तिने गाडी पुढे घेतली. उद्या सांगू, असं तिने ठरवलं.

रविवारी सकाळी सात वाजता गिरिधरराव चहाची वाट बघता बघता गेले. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल.

तेराव्याला चंपतराव आले होते. निघताना म्हणाले, "भाऊचे स्पीकर दुसऱ्याच्या घरी जाऊ देजो नोको पोरी. मी नेतो." नूपुरने बरं म्हटलं. ट्वीटरचं तोंडाने सांगण्यापेक्षा कागदावर दाखवणं सोपं जाईल असं तिला वाटलं. म्हणून जानेवारीतल्या एका दुपारी तिने लक्ष्मीनगरच्या त्यांच्या फ्लॅटमधली गाण्याची खोली उघडली आणि मोजमापाचा माइक बाहेर काढला.

पद्धत तिला पाठ होती. स्पीकरमधून एक सूर सोडायचा, खालून वरपर्यंत चढणारा, दहा सेकंदांचा. माइक तो सूर ऐकतो, आणि भिंतींवर, वस्तूंवर आपटून परत येणारे आवाजही ऐकतो. लॅपटॉपवर एक रेघ उमटते; जी वस्तू माइकपासून जितक्या फुटांवर, तिथे तिचा उंचवटा. पूर्वी दोघं मिळून हे करत. ती दाराजवळच्या टेबलाशी बसून बटण दाबी आणि वडील खुर्चीत निश्चल बसत. दर महिन्याला दोन आलेख: एक "खोली रिकामी", एक "गिरिधर बसून". रिकाम्या खोलीत मागच्या भिंतीचा उंचवटा टोकदार येई. ते बसले की भिंत खचे आणि सहा फुटांवर एक बसका, गोल उंचवटा दिसे. अंगावरून परतलेला आवाज तसाच दिसतो. शेवटचा आलेख तीन वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर "आता कान पुरे" म्हणून त्यांनी मोजणं बंद केलं होतं.

फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा अजून होत्या. तिने त्यांवर माइकचा स्टँड ठेवला, टेबलाशी बसली, बटण दाबलं.

उजव्याच्या सुरांच्या रेघेत बारीक आवाजांचा भाग सपाट होता. ते अपेक्षित होतं. अंतराच्या रेघेत मात्र सहा फुटांवर बसका, गोल उंचवटा होता.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तोच. खुर्चीवरची उशी काढली, पाठीवरचा टॉवेल काढला. तोच. तिने जुनी फाइल उघडून नव्या रेघेवर ठेवली. "खोली रिकामी" जुळली नाही. "गिरिधर बसून" जुळली, इतकी की दोन रेघा आहेत हे रंगावरूनच कळत होतं.

नूपुर घाबरली नाही. तिने कारणं शोधली. हवा कोरडी आहे. पुस्तकांचं कपाट भरलंय. माइक जुना झालाय. तिने माइक बदलला, कपाटाची दारं लावली. शेवटी खुर्चीच उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली आणि मोकळ्या फरशीकडे बघत बटण दाबलं.

खुर्ची नव्हती. सहा फुटांवरचा माणूस होता.

तिने लॅपटॉप मिटला, खुर्ची परत आणून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक भिजवली.

पुढच्या रविवारी दुपारी चंपतराव आले. सोबत संत्र्यांची पिशवी. खोलीच्या दारातच थांबून त्यांनी टाळी वाजवली. ही खोड त्यांना गिरिधररावांनीच लावली होती. मग कपाळाला आठी घालून आणखी एक वाजवली.

"काय झालं काका?"

"काही नाई वं. आमच्या गोदामात पेट्या नसल्या न, की टाळी फिरून येते. भरलं असलं की येत नाई." त्यांनी खोलीवर नजर फिरवली. "भाऊ असताना ही खोली जशी वाजे, तशीच वाजून राहिली. सामान वाढवलं का?"

"नाही."

"मंग मलेच वाटलं असंल. बुढापा आला."

ते खुर्चीत बसले नाहीत. नूपुरने बसा म्हटलं तर "राहू दे" म्हणून खाली सतरंजीवर टेकले, भिंतीला पाठ लावून. तिने गाणं लावलं. पहिल्याच कडव्यात त्यांनी डोळे उघडले.

"उजव्याचा वरचा आवाज गेला हाय."

छापून ठेवलेला आलेख टेबलावर होता. तो पुढे सरकवायचा, एवढंच काम होतं.

"काहून वं, भाऊले नाई समजलं?" चंपतरावांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ते गोंधळले होते. "अख्ख्या काटोलच्या खोल्या ऐकल्या त्या माणसानं. माह्या घरी पंख्याचा एक नट ढिला होता, तो बसल्या जागी ओळखला. आन आपल्या घरचं..."

"नंतर बिघडला," नूपुर म्हणाली. "बाबा गेल्यावर. मीच नीट हाताळला नाही."

"हां." चंपतरावांचा चेहरा मोकळा झाला. "असं सांग न मंग. मी म्हणतो, भाऊच्या कानातून सुटंल कसं."

गाणं संपलं तरी चंपतराव उठले नाहीत. ते उजव्या स्पीकरच्या पुढची फरशी बघत होते. मग एकाएकी चपला घालून, चहाला नको म्हणून निघाले. जिन्यात थांबून म्हणाले, "सध्या राहू दे पोरी ते. इथंच राहू दे." आणि का ते सांगितलं नाही.

नूपुर खोलीत परत आली. साडेतीन वाजले होते. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. ती टेबलाशी बसली आणि तिने बटण दाबलं.

सहा फुटांवर काही नव्हतं. खुर्ची रिकामी होती.

उंचवटा दहा फुटांवर होता.

माइकपासून दहा फुटांवर त्या खोलीत एकच वस्तू होती. उजवा स्पीकर. बसका, गोल उंचवटा त्याला अगदी चिकटून होता. कान लावून उभं राहावं, तसा.

तिने पुन्हा मोजलं. तो हलला नव्हता.

किती वेळ कान लावला, तरी त्यातून काही येणार नव्हतं. हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं.

तेव्हा नूपुरने सांगितलं. हळू आवाजात, कोर्टात जबानी वाचून दाखवावी तसं, स्पीकरकडे बघून. दोनच वाक्यं होती. सांगून झाल्यावर तिला फारसं काही वाटलं नाही. खाली बादली वाजली.

तिने बटण दाबलं. सूर खालून वर चढत गेला आणि संपला.

दहा फुटांवर काही नव्हतं. सहावर नव्हतं.

तीन फुटांवरचा उंचवटा तिचा स्वतःचा. ती टेबलाशी बसलेली असे, म्हणून तो सगळ्या आलेखांत असायचाच.

त्याला लागून आता दुसरा होता.

तिने शेजारी पाहिलं नाही. कमी ऐकू येणारी माणसं असंच करतात. काय म्हणालीस, असं विचारत नाहीत, जवळ येतात.

डाव्या कानाने वडिलांना जरा बरं ऐकू यायचं. नूपुरने त्या बाजूला तोंड वळवलं. आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."