घोंगड्यामागचे हात

खट्... असा तो आवाज. बिरप्पानं तो ऐकला त्याला आता कितीतरी वर्षं झाली; पण कान काही विसरत नाहीत.

त्याची बायको फुलाबाई गेली, त्या दिवशीचा आवाज तो. त्यांच्या सांगोल्याकडच्या वस्तीवर जिवंत माणसाचा फोटो काढत नसत. आयुष्य तुटतं म्हणत. माणूस गेलं की मगच फोटोवाल्याला बोलावणं जायचं. फुलाबाईला नवं लुगडं नेसवून खुर्चीत बसवली, पण मान काही ठरेना. मग खुर्चीमागं काळं घोंगडं धरलं आणि त्याआड गुडघ्यावर बसून बिरप्पानं तिची मान दोन्ही हातांनी सावरली. लोकरीचा वास, अंधार, आणि बोटांना लागणारी गार कातडी. "हलू नका," फोटोवाला म्हणाला. मग खट्...

फोटोत ती ताठ बसलेली आली. डोळे मिटलेले. मानेच्या कडेला बिरप्पाच्या बोटांची टोकं.

म्हणूनच नात पूनम पहिला कॅमेरा घ्यायला निघाली, तेव्हा तो काठी टेकत तिच्यासंगं जुळे सोलापुरातल्या दुकानात आला. पूनमला लग्नांचे फोटो काढायला शिकायचं होतं. त्याला एकच हवं होतं : जिवंतपणी, उघड्या डोळ्यांचा एक फोटो. कारण हल्ली तो फार दमला होता. बसल्या जागी मान छातीवर यायची. आता फार दिवस राहिले नाहीत, हे त्याचं त्याला कळत होतं.

बाहेर रणरणतं ऊन. दुकानाच्या मालकीणबाई महेश्वरीताईंनी काचेवर कॅमेरे मांडले.

"पहिलाच आहे ना? मग नावाच्या मागं लागू नकोस. हातात बसेल तो घे."

पूनमनं भिंतीपुढं स्टूल ठेवलं. "आबा, बसा हितं. तुमच्यावरच बघते. आन् मेंढरं हरवल्यागत तोंड नका करू."

"मेंढरं न्हाय गं, दात हरवल्यात."

पहिला कॅमेरा तिच्या हाताला लहान पडला. "करंगळी लोंबतीया ताई." दुसरा इतका जड, की मनगट भरून आलं. दोन्ही फोटोंत बिरप्पाची मान खाली आणि डोळे मिटलेले.

"हा वापरलेला आहे, पण चांगला आहे," म्हणत ताईंनी तिसरा पुढं केला. तो पूनमच्या मुठीत अगदी नीट बसला. तिनं दाराकडं रोखून दाबून पाहिला.

खट्...

"ह्यो नगं, पूनम..."

"का वो?"

"आवाज..."

"आत आरसा असतो आजोबा," ताई म्हणाल्या. "तो वर उचलला जातो. सगळ्यांचाच होतो आवाज."

खरं असेल. पण आधीच्या दोघांचा असा नव्हता.

"एकच, आबा... हलू नका."

आणि त्याला लोकरीचा वास आला. त्या थंड हवेच्या, काचेच्या दुकानात घोंगड्याचा वास. मग मानेवर मागून दोन हात टेकले. गार. खुरपं धरून घट्टे पडलेले. मान आपसूक वर आली. किती दिवसांनी ती जड लागत नव्हती... त्यानं डोळे उघडले.

खट्...

"बगा की! कसं ताठ बसलाय! डोळं बी उघडं हायती!" पूनम नाचतच आली. मग कॅमेऱ्याच्या पडद्याकडं बघता बघता तिचा आवाज बारीक झाला. "ताई... ह्ये मागं काळं काय आलंय?"

फोटोत बिरप्पाच्या पाठीमागं काळं घोंगडं होतं. मानेच्या कडेला बोटांची टोकं होती. महेश्वरीताईंनी स्टुलामागं पाहिलं. भिंत पांढरी, कोरी.

"नगंच ह्यो, आबा..."

"असू दे. फोटू चांगला आलाय," बिरप्पा म्हणाला. मग अगदी हळू, पाठीमागच्या माणसाला म्हणाला, "फुले... लई येळ धरलीस. हात भरून आलं असतील..."

मानेवरची बोटं एकेक करून सुटली. हनुवटी छातीवर आली, ती पुन्हा वर गेली नाही. पूनम हाका मारत होती, पण लांबून, शिवारापलीकडून मारल्यासारख्या.

मान खाली, म्हणून त्याला फक्त फरशी दिसत होती. त्या फरशीवरून दोन अनवाणी पाय गेले. जोडवी घातलेले, वर नव्या लुगड्याचा काठ. पूनमच्या पायांजवळ ते जरा थबकले. मग काचेचं दार उघडलं, आणि ते उन्हात निघून गेले.