आधी उत्तर

टोपी बाजार नावाच्या पेठेत मखरासाठी सोनेरी कागद घेताना सीमंतिनीचा आणि अंबरीशचा हात एकाच गुंडाळीवर पडला. कागद ती घेऊन गेली, आणि याचं लक्षही बहुधा त्याच गुंडाळीबरोबर गेलं असावं. कारण ती ज्यात गाणार होती, त्या गणेशोत्सवातल्या गाण्याच्या स्पर्धेची एकही तालीम त्यानं चुकवली नाही.

आज स्पर्धा. आणि आजच संध्याकाळच्या गाडीनं तो नोकरीसाठी बेंगळुरूला निघालेला. दोन गाणी झाली की त्याला उठावंच लागणार होतं. त्यानं स्वतः रचलेल्या गाण्याच्या शेवटी एक प्रश्न होता – ‘माझी वाट पाहशील का?’ तालमीत तो ऐकून सीमंतिनीचे कान लाल झाले होते. तो तिला फार आवडायचा. पण तोंडानं सांगायचा धीर होईना, म्हणून उत्तर तिनंही गाण्यातच बांधलं होतं.

“गाणारे पाच, क्रम चिठ्ठ्या टाकून. पहिल्या दोघांत आपणच... जोड्या दहा, म्हणजे दहात एक,” मंडपाबाहेर अंबरीश म्हणाला. “इतना तो चलेगा!”

“चूक!” सीमंतिनी अकरावीला गणित शिकवायची. “पहिल्या जागेला पाच जण, दुसऱ्या जागेला उरलेले चार. प्रकार वीस. आधी तू, मग मी – हा त्यातला एकच. विसात एक.”

“क्रमानं काय फरक पडतो?”

“प्रश्नाआधी उत्तर देतं का कुणी?” ती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

“मतलब, उत्तर है तो सही!”

मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या विजयाबाईंनी गणपतीपुढच्या वाटीतून चिठ्ठ्या काढल्या. बाप्पानं लावलेला क्रम बदलायचा नाही, हा इथला जुना नेम.

“पहिली – सीमंतिनी. दुसरा – अंबरीश.”

नेमकं उलटं! तिला एखादं भजन म्हणून मोकळं होता आलं असतं... पण गाडी थोडीच थांबणार होती? तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. शेवटची ओळ मात्र त्याच्याकडे बघतच गायली – ‘पाहीन रे, फार उशीर करू नको.’

मग अंबरीश पुढे येऊन बसला. छान गायला, आणि नेमका प्रश्नाशी येऊन थांबला.

“विसरलास का रे? प्रश्नावर कुठे गाणं संपतं? पुढे म्हण,” विजयाबाई म्हणाल्या.

“पुढचं आधीच गाऊन झालंय, काकू.”

मंडपात हशा पिकला. सीमंतिनीला तोंड लपवायला पदर पुरेना.

फाटकाशी रिक्षा उभी होती. “तुझं विसात एक हुकलं की,” बॅग उचलत तो म्हणाला.

“आधी मी, मग तू – हेसुद्धा विसातलं एकच होतं,” ती म्हणाली. “आणि मला हेच आवडलं.”